नवा प्रशिक्षक आला, पण किल्ल्या कोणाकडे? एनएफएलमधल्या नेमणुका वाचायची पद्धत

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा नियमित हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला एका रविवारी संपतो आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रशिक्षकांना नारळ मिळू लागतात. त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. एरवी रात्री जागून सामने बघणाऱ्या आपल्यासारख्यांना निदान ही बातमी तरी जेवणाच्या वेळेला मिळते. पुढचे चार-पाच आठवडे नुसती नावं उडत राहतात. अमक्याला मुलाखतीला बोलावलं, तमक्याने माघार घेतली, तिसऱ्याशी बोलणी पक्की झाली.

या गदारोळात नवखा प्रेक्षक एकच गोष्ट शोधतो, ती म्हणजे नव्या प्रशिक्षकाचं नाव. पण तो माणूस टिकेल की दोन वर्षांत घरी जाईल, याचा अंदाज नावापेक्षा त्याच्या हातात काय दिलंय त्यावरून जास्त बांधता येतो. तो कसा बांधायचा, ते क्रमाने बघू.

पायरी १: कागदावर चार चौकोन काढा

मालक, अध्यक्ष, जनरल मॅनेजर म्हणजे जीएम, आणि मुख्य प्रशिक्षक. ढोबळमानाने जीएम खेळाडू आणतो आणि प्रशिक्षक ते खेळवतो. अध्यक्ष बहुतेक ठिकाणी स्टेडियम, तिकिटं, जाहिराती सांभाळतो आणि खेळाडूंच्या भानगडीत पडत नाही. ग्रीन बे पॅकर्स हा अपवाद. तो संघ भागधारकांचा आहे, तिथे एक असा मालक नाही, त्यामुळे अध्यक्षच मालकाच्या खुर्चीत बसतो. २०१८ मध्ये तिथला तेव्हाचा अध्यक्ष मार्क मर्फी याने जीएम आणि मुख्य प्रशिक्षक दोघांनाही थेट स्वतःच्या हाताखाली घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, हंगाम संपण्याआधीच, प्रशिक्षक माइक मॅकार्थीला त्यानेच काढलं.

आता बाण काढा. कोण कोणाला जबाबदार आहे? तीन नमुने वारंवार दिसतील.

सरळ रेषेत मालक, त्याच्या खाली जीएम, त्याच्या खाली प्रशिक्षक. अशा ठिकाणी प्रशिक्षकाला काढायची शिफारस जीएम करतो, त्यामुळे संघ हरू लागला की पहिला बळी प्रशिक्षकाचा जातो.

दोन समांतर बाण असतील तर जीएम आणि प्रशिक्षक दोघेही मालकाला उत्तर देतात. २०१३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा मालक क्लार्क हंट याने ही रचना आणली. प्रशिक्षक अँडी रीडला आधी नेमलं आणि जॉन डॉर्सी जीएम म्हणून नंतर आला. मालक शांत डोक्याचा असेल तर ही रचना उत्तम चालते. मालक कानाचा हलका असेल तर दोघेही आळीपाळीने त्याच्या केबिनमध्ये जाऊन एकमेकांबद्दल सांगत बसतात.

तिसऱ्या नमुन्यात दोन चौकोन एकाच माणसाचे असतात. डॅलस काउबॉइजचा जेरी जोन्स १९८९ पासून मालकही आहे आणि जीएमही. प्रशिक्षक जिमी जॉन्सनने त्याला लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले, तरी मार्च १९९४ मध्ये दोघे वेगळे झाले. एका म्यानात दोन तलवारी राहिल्या नाहीत, आणि म्यान जोन्सच्या मालकीचं होतं. उलट न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये २००० ते २०२३ बिल बेलिचिक प्रशिक्षक होता आणि खेळाडूंची अंतिम निवडही त्याचीच होती. सहा सुपर बोल आले. या एका उदाहरणाने पुढे बऱ्याच संघमालकांची दिशाभूल केली असं आमचं मत आहे.

पाटीवरून बाण कळत नाहीत. सहकारी कारखान्यात चेअरमन कोण ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण चेकवर सही कोणाची चालते ते आतल्यालाच माहीत असतं, तसंच हे. संघाचं अधिकृत निवेदन नीट वाचा. नेमणूक ‘कोणाला जबाबदार असेल’ हे वाक्य त्यात आहे का, ते शोधा. पहिल्या पत्रकार परिषदेत कोण कोणाची ओळख करून देतो आणि ‘शेवटचा शब्द कोणाचा’ या प्रश्नाला कोण उत्तर देतो ते बघा. ‘आम्ही सगळं मिळून ठरवतो’ हे उत्तर आलं तर कागदावर प्रश्नचिन्ह काढून ठेवा. मिळून ठरवतात हे खरंही असतं, पण प्रश्न मतभेद झाल्यावर काय होतं हा असतो.

पायरी २: तीन किल्ल्या कोणाकडे आहेत ते लिहा

पहिली किल्ली ५३ खेळाडूंच्या यादीची. उन्हाळी शिबिरात ९० खेळाडू असतात, ऑगस्टच्या शेवटी ५३ उरतात, शिवाय १६ जणांचा सराव गट. दुसरी किल्ली एप्रिलच्या शेवटी होणाऱ्या सात फेऱ्यांच्या ड्राफ्टची, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने घेण्याची; या पाळीलाच ‘निवड’ म्हणतात. तिसरी सॅलरी कॅपची, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेची. २०२५ साठी ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. प्रशिक्षकांचे पगार या मर्यादेत धरत नाहीत, हे लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये कामाला येईल.

पहिल्या किल्लीचं महत्त्व एका साध्या आठवड्यात कळतं. रविवारी उजवा टॅकल, म्हणजे आक्रमण फळीतला एक लाइनमन, गुडघा धरून मैदानाबाहेर जातो. सोमवारी एमआरआय होतो आणि कळतं की सहा आठवडे गेले. मंगळवारी, खेळाडूंच्या सुटीच्या दिवशी, बेकार बसलेल्या चार-पाच लाइनमनना बोलावून त्यांची चाचणी घेतात. लाइन कोचला बत्तीस वर्षांचा अनुभवी गडी हवा असतो, कारण पुढच्या रविवारी समोर कोण उभं राहणार आहे ते त्याला माहीत आहे. खेळाडू हेरणाऱ्या स्काउटिंग विभागाला सराव गटातला बावीस वर्षांचा पोरगा वर आणायचा असतो, कारण त्याला आता खेळवलं नाही तर तो तयार कधी होणार? यादी ५३चीच असल्यामुळे एकाला आत घ्यायचं तर बहुतेकदा दुसऱ्या कोणाला तरी जागा रिकामी करावी लागते. कागदावर सही एकाचीच. प्रशिक्षक या रविवारचा विचार करतो आणि जीएम पुढच्या तीन वर्षांचा. दोघेही चूक नसतात, म्हणूनच भांडण चिघळतं.

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये पेट्रियट्सचा प्रशिक्षक बिल पार्सेल्सला बचाव फळीतला खेळाडू हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्टने स्काउटिंगवाल्यांची बाजू घेतली आणि सातव्या क्रमांकावर रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) टेरी ग्लेन आला. ग्लेन चांगला निघाला, संघ त्याच हंगामात सुपर बोलपर्यंत गेला, आणि तरी पार्सेल्स सोडून गेला. स्वयंपाक मीच करायचा असेल तर किराणा थोडातरी मला आणू द्या, या अर्थाचं त्याचं बोलणं आजही प्रत्येक नेमणुकीच्या वेळी कोणीतरी उकरून काढतं.

पण किराणा हातात दिल्यावर काय होतं? फिलाडेल्फिया ईगल्सने जानेवारी २०१५ मध्ये प्रशिक्षक चिप केलीला खेळाडू निवडीचे अधिकार दिले आणि जीएम हॉवी रोझमनला बाजूला बसवलं. केलीचे आधीचे दोन्ही हंगाम १०-६, म्हणजे दहा विजय आणि सहा पराभव, असे होते. त्याने संघाच्या इतिहासात धावून सर्वाधिक यार्ड मिळवलेला लशॉन मकॉय बफलोला देऊन बचावातला लाइनबॅकर किको अलोन्सो घेतला. त्याच डिसेंबरात, एक सामना बाकी असताना, ६-९ वर केली गेला. अधिकार रोझमनकडे परतले आणि दोन हंगामांनंतर ईगल्सने सुपर बोल जिंकला.

ह्यूस्टन टेक्सन्सने जानेवारी २०२० मध्ये प्रशिक्षक बिल ओब्रायनला जीएमही केलं. मार्चमध्ये त्याने डीआंड्रे हॉपकिन्ससारखा रिसीव्हर ॲरिझोनाला दिला. बदल्यात आला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डेव्हिड जॉन्सन आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या व चौथ्या फेरीतल्या निवडी. पहिल्या फेरीतली एकही नाही. ऑक्टोबरात ०-४ झाल्यावर दोन्ही पदं एकदम गेली. सिॲटलच्या माइक होल्मग्रेनची गोष्ट याच्या उलट टोकाची. तो १९९९ मध्ये प्रशिक्षक आणि जीएम म्हणून आला, २००२ च्या हंगामानंतर त्याच्याकडून जीएमपद काढून घेतलं. तो प्रशिक्षक म्हणून राहिला आणि २००५ च्या हंगामात संघ सुपर बोलला पोचला.

हे बिघडतं ते बहुधा वेळेमुळे. मुख्य प्रशिक्षकाचा ऑगस्ट ते जानेवारी हा काळ पुढच्या प्रतिस्पर्ध्यात जातो, आणि नेमकं त्याच काळात स्काउट कॉलेजचे सामने बघत फिरत असतात. दुसरं असं की प्रशिक्षकाला आपल्या पद्धतीत न बसणारा खेळाडू निरुपयोगी वाटतो. जीएमला त्याच खेळाडूची बाजारातली किंमत दिसते.

पायरी ३: आधी कोण आलं?

बाणांइतकाच क्रमही महत्त्वाचा. जीएम आणि प्रशिक्षक एकाच वेळी आले, तर दोघांची घड्याळं एकत्र चालतात. जुना जीएम ठेवून फक्त प्रशिक्षक बदलला, तर उमेदवार मनातल्या मनात हिशेब करतो: पुढच्या वर्षी हा गेला तर नवा जीएम स्वतःचा माणूस आणेल, आणि मी उगाच रस्त्यावर येईन.

जानेवारी २०२५ मधलं जॅक्सनव्हिल जॅग्वार्स बघा. ४-१३ नंतर प्रशिक्षक डग पीडरसनला काढलं, जीएम ट्रेंट बालकीला ठेवलं. टॅम्पा बेचा ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (आक्रमण सांभाळणारा सहायक) लियम कोएन पसंतीचा उमेदवार होता. दुसऱ्या मुलाखतीला जाण्याऐवजी त्याने माघार घेतली. मग जॅग्वार्सनी बालकीशी फारकत घेतली, कोएन परत बोलणीला आला आणि दोनच दिवसांत त्याची नेमणूक झाली. फेब्रुवारीत जेम्स ग्लॅडस्टोन जीएम झाला. प्रशिक्षक आधी, जीएम मागाहून. अशा जोडीत कागदावर काहीही लिहिलेलं असो, पहिले दोन हंगाम वजन प्रशिक्षकाचं जास्त असतं.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी हा धडा महागात घेतला. प्रशिक्षक जिम हार्बॉचा चार हंगामांतला हिशेब ४४ विजय, १९ पराभव, एक बरोबरी, त्यात एक सुपर बोलचा सामना. जीएमशी पटेना, म्हणून २०१४ च्या शेवटी तो गेला. पुढच्या वर्षी जिम टॉम्सुला ५-११, त्याच्या पुढच्या वर्षी चिप केली २-१४, दोघांनाही एकेकच हंगाम मिळाला. तो जीएम म्हणजे हाच बालकी, आणि शेवटी केलीबरोबर तोही गेला. २०१७ मध्ये मालकाने पाटी पुसली. प्रशिक्षक म्हणून काइल शानहान आणि जीएम म्हणून तोवर टीव्हीवर समालोचन करणारा जॉन लिंच यांना एकत्र आणलं, दोघांनाही सहा-सहा वर्षांचे करार दिले. पहिल्या दोन हंगामांत ६-१० आणि ४-१२ होऊनही कोणी हललं नाही, कारण दोघांचं घड्याळ एकच होतं.

पायरी ४: तारखा आणि परवानग्या

दुसऱ्या संघाच्या नोकरीत असलेल्या प्रशिक्षकाशी बोलायला आधी त्याच्या संघाकडे विनंती पाठवावी लागते. ‘विनंती पाठवली’ ही बातमी म्हणजे फक्त अर्ज. एकेक संघ दहा-बारा अर्ज करतो, त्यावर फार जीव टाकू नका. मुख्य प्रशिक्षकपदासाठी बोलावणं असेल तर संघ सहायकाला अडवू शकत नाही. को-ऑर्डिनेटरला दुसरीकडे को-ऑर्डिनेटर म्हणूनच न्यायचं असेल तर मात्र अडवू शकतो. जीएमच्या बाबतीत पायरी २ मधला प्रश्न पुन्हा येतो: नव्या पदाला खेळाडू निवडीत शेवटचा शब्द नसेल, तर ती बढती धरली जात नाही आणि सध्याचा संघ नकार देऊ शकतो. कोणी ‘जीएमसाठी परवानगी नाकारली’ असं वाचलं की समजा, त्या खुर्चीत किल्ली नव्हती.

नोकरीत असलेल्यांच्या मुलाखतींची पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर होते. समोरासमोर भेटायला प्लेऑफ्सची, म्हणजे बाद सामन्यांची, डिव्हिजनल (दुसरी) फेरी संपेपर्यंत थांबावं लागतं. बेकार प्रशिक्षकांना हे बंधन नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात विमानतळावरचे फोटो त्यांचेच येतात.

रूनी नियमही इथेच येतो. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या डॅन रूनीच्या नावाने २००३ मध्ये आलेला हा नियम आज सांगतो की मुख्य प्रशिक्षकपदासाठी संघाबाहेरच्या किमान दोन अल्पसंख्याक किंवा महिला उमेदवारांची मुलाखत झालीच पाहिजे. संघातलाच तात्पुरता प्रशिक्षक यात मोजत नाहीत. २००३ मध्येच डेट्रॉइट लायन्सचा अध्यक्ष मॅट मिलन याला प्रशिक्षक स्टीव्ह मारियुचीच्या नेमणुकीवेळी हा नियम न पाळल्याबद्दल दोन लाख डॉलर दंड झाला होता. मुलाखती नुसत्या देखाव्यापुरत्या होतात ही तक्रार जुनी आहे. प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेसने २०२२ मध्ये लीगवर आणि काही संघांवर दावा ठोकला तो याच मुद्द्यावर. २०२० पासून एक उलटं आमिषही आहे. तुमच्याकडे तयार झालेला अल्पसंख्याक सहायक दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक किंवा जीएम झाला, तर तुम्हाला दोन वर्षं तिसऱ्या फेरीच्या शेवटी एकेक जादा निवड मिळते.

सुपर बोलमध्ये पोचलेल्या संघाच्या सहायकाशी तो सामना संपेपर्यंत करार करता येत नाही. इथे पाय घसरतात. २०१८ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने पेट्रियट्सच्या जॉश मॅकडॅनियल्सचं नाव सामन्यानंतर दोन दिवसांनी सकाळी जाहीर केलं आणि संध्याकाळपर्यंत त्याने पाठ फिरवली. तोंडी शब्दावर विसंबून तीन सहायक आधीच करारबद्ध झाले होते. नंतर आलेल्या फ्रँक राइखला ते तिघे आयते मिळाले, किंवा गळ्यात पडले म्हणा. २०२३ मध्ये ॲरिझोनाच्या जीएमने ईगल्सच्या जॉनथन गॅननला परवानगीच्या काळाबाहेर फोन केला. त्याची भरपाई म्हणून दोन्ही संघांनी तिसऱ्या फेरीतल्या निवडींची अदलाबदल केली आणि ईगल्स २८ जागा वर सरकले.

उमेदवाराचा जुना करार शिल्लक असेल तर त्याची किंमत ड्राफ्टच्या निवडींत मोजतात. २००२ मध्ये टॅम्पा बेने जॉन ग्रूडनसाठी रेडर्सना पहिल्या फेरीतल्या दोन, दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी आणि ८० लाख डॉलर दिले. पुढच्याच सुपर बोलमध्ये त्याच रेडर्सना ४८-२१ असं हरवलं.

पायरी ५: सहायकांची यादी, विशेषतः प्ले कोण कॉल करणार

मुख्य प्रशिक्षक आक्रमणाचा असेल आणि प्ले स्वतः कॉल करत असेल, म्हणजे प्रत्येक वेळी कोणती चाल खेळायची ते तोच सांगत असेल, तर त्याचा ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर दुसऱ्या संघाने पळवला तरी घर चालतं. तो बचावाचा असेल किंवा नुसता व्यवस्थापक छापाचा असेल, तर क्वार्टरबॅकचं (चेंडू फेकणाऱ्या मुख्य आक्रमकाचं) भवितव्य त्या को-ऑर्डिनेटरच्या हातात, आणि तो यशस्वी झाला की वर्षभरात जाणार.

ईगल्सचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलनंतर त्यांचे को-ऑर्डिनेटर शेन स्टाइकन इंडियानापोलिसला आणि गॅनन ॲरिझोनाला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. मुख्य प्रशिक्षक निक सिरियानीचा संघ पुढच्या हंगामात १०-१ वरून ११-६ वर घसरला आणि प्लेऑफ्सच्या पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. २०२४ मध्ये केलन मूर आणि व्हिक फँजिओ हे नवे को-ऑर्डिनेटर आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला. दोनच दिवसांत मूर न्यू ऑर्लिन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. म्हणून मुलाखतीत चांगले मालक एक प्रश्न हमखास विचारतात: तुझा को-ऑर्डिनेटर गेला तर त्याच्या जागी कोण? उमेदवाराला तिथल्या तिथे दोन नावं सांगता आली पाहिजेत.

आणखी एक बघा. सहायक निवडायचा अधिकार खरंच प्रशिक्षकाकडे आहे का? मालकाने किंवा जीएमने आधीचा बचाव को-ऑर्डिनेटर ठेवायला लावला असेल, तर ते लग्न दुसऱ्यांनी जुळवलेलं आहे.

पायरी ६: करार

मुख्य प्रशिक्षकाचा करार साधारण चार-पाच वर्षांचा असतो आणि कामगिरी वाईट म्हणून काढलं तरी उरलेल्या वर्षांचा पगार मिळतो. सहा वर्षांचा करार म्हणजे मालक धीर धरायच्या तयारीत आहे असं समजतात. डेट्रॉइटने २०२१ मध्ये डॅन कॅम्पबेलला तसा दिला, पहिला हंगाम ३-१३-१ झाला आणि तरी तो टिकला. पण करार लांब असला म्हणून खात्री नाही. कॅरोलायना पँथर्सने २०२० मध्ये मॅट रूलला सात वर्षांचा करार दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलं. हे पैसे कॅपमध्ये मोजत नाहीत, त्यामुळे श्रीमंत आणि उतावळ्या मालकाला थांबवणारं काही नसतं. काढलेल्याला दुसरीकडे नोकरी लागली की जुन्या संघाची देणी त्या पगाराएवढी कमी करणारं कलम बऱ्याच करारांत असतं, म्हणून काहीजण एखादं वर्ष घरीच बसणं पसंत करतात.

जीएमच्या कराराचं शेवटचं वर्ष कोणतं, तेही बाजूला लिहा. दोघांच्या तारखांत दोन वर्षांहून जास्त अंतर असेल, तर ज्याची तारीख आधी आहे तो घाईत निर्णय घेईल. पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड विकून आज क्वार्टरबॅक आणणारा जीएम बहुधा याच अवस्थेत असतो.

पायरी ७: फेब्रुवारी ते मे

नव्या प्रशिक्षकाच्या संघाला एप्रिलमध्ये इतरांपेक्षा दोन आठवडे आधी सराव सत्र सुरू करता येतं आणि एक जादा ऐच्छिक शिबिर मिळतं. त्याआधी इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या चाचणी मेळाव्यात, जीएम आणि प्रशिक्षक वेगवेगळे पत्रकारांसमोर येतात. एकाच क्वार्टरबॅकबद्दल दोघं काय बोलतात ते शेजारी-शेजारी ठेवून वाचा. शब्द जुळत नसतील तर कागदावरच्या त्या प्रश्नचिन्हाभोवती गोल करा. मार्चच्या मध्यावर करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो. प्रशिक्षकाच्या जुन्या संघातले तीन-चार खेळाडू लगेच आले, तर किराणा तो आणतोय.

शेवटची खूण मे महिन्यात मिळते. स्काउटिंग विभागातले करार सहसा ड्राफ्टनंतर संपतात, म्हणून जानेवारीत आलेला जीएम आपली माणसं खऱ्या अर्थाने ड्राफ्टनंतरच आणतो. तोवर तो आधीच्या माणसाच्या स्काउटांनी बनवलेल्या याद्यांवरून खेळाडू निवडत असतो. मेमध्ये कोण गेलं, कोण आलं, आणि आलेले जीएमच्या ओळखीचे की प्रशिक्षकाच्या, एवढं बघा. ही बातमी संघाच्या संकेतस्थळावर दोन ओळींत येते आणि फारसं कोणी वाचत नाही.